पिंपल्सवाल्या चेहऱ्यासाठी परवडणारा, क्रुएल्टी-फ्री फेसवॉश शोधायचा कसा: क्रम चुकवू नका

बहुतेक जण हे काम शेपटाकडून सुरू करतात. आधी बाटली आवडते, कुणाचा तरी व्हिडिओ बघून नाहीतर सेल लागला म्हणून, घरी आणल्यावर मागे सशाचं चित्र (म्हणजे क्रुएल्टी-फ्री, प्राण्यांवर चाचणी न केलेलं, याची खूण) आहे का ते बघतात, पंधरा दिवसांनी चेहरा सोलायला लागला की घटकांची यादी वाचायला घेतात आणि शेवटी कळतं की स्वस्त वाटलेली ट्यूब महिनाभर पण पुरली नाही. चारही गोष्टी बघितल्या, फक्त पैसे देऊन झाल्यावर बघितल्या.

माझा क्रम असा आहे: आधी स्वतःचा चेहरा, मग ब्रँडची यादी, मग घटक, मग दिवसाचा खर्च, आणि सगळ्यात शेवटी खरेदी. खाली तोच क्रम टप्प्याटप्प्याने दिलाय. टप्पे पुढेमागे करू नका, कारण प्रत्येक टप्प्यात पर्याय गळत जातात आणि शेवटी हातात दोन-तीनच नावं उरतात, तेच तर हवंय.

टप्पा १: खरेदीच्या आधीचे दहा दिवस

आत्ता चेहऱ्याला जे जे लावताय ते सगळं एका कागदावर लिहा. फेसवॉश, स्क्रब, टोनर, सीरम, क्रीम, सनस्क्रीन, केसांचं तेल, कंडिशनर, सगळं. केसांचं कशाला असं वाटेल, पण कपाळावर आणि कानाजवळ बारीक पुरळ येणाऱ्या कितीतरी जणांच्या बाबतीत गुन्हेगार तिथेच सापडतो.

आता त्यातला स्क्रब, टोनर, पील ऑफ मास्क आणि घरगुती लेप दहा दिवस बंद. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र बंद करायचं नाही, ते जसं सांगितलंय तसंच चालू ठेवा. या दहा दिवसांत चेहरा दिवसातून दोनदाच, कोमट पाण्याने आणि घरात असलेल्या सगळ्यात सौम्य फेसवॉशने धुवा.

हे का करायचं तर आधीच रगडून रगडून लाल झालेली त्वचा खरं सांगत नाही. कडक फेसवॉशने कोरडी झालेली त्वचा वरून तेलकट दिसते आणि आतून ओढल्यासारखी वाटते, मग आपण म्हणतो माझी स्किन ऑयली आहे, आणखी कडक फेसवॉश हवा. मी स्वतः दोन वर्षं या चक्रात होते, सकाळी सॅलिसिलिकवाला फेसवॉश, संध्याकाळी दाणेदार स्क्रब, आणि हसलं की ओठांच्या कडेला त्वचा कागदासारखी चुरगळायची, तरी नाकावर तेल असायचंच.

दहाव्या दिवशी एक साधी तपासणी करा. चेहरा धुवा, टिपून घ्या, काहीही न लावता अर्धा तास थांबा, मग आरशासमोर खिडकीच्या उजेडात उभे रहा आणि हे बघा:

- गाल ओढल्यासारखे वाटतात का, की आरामात आहेत?
- कपाळ, नाक, हनुवटी चमकायला लागली का?
- पिंपल्स कसले आहेत: काळे-पांढरे बारीक दाणे, लाल दुखरे फोड, की खोलवरच्या गाठी?
- खाज येते का?

थांबा: कपाळावर, छातीवर किंवा पाठीवर एकाच मापाचे बारीक बारीक दाणे असतील आणि ते खाजत असतील तर ते पिंपल्स नसून यीस्टमुळे होणारा प्रकार असू शकतो. त्याला पिंपल्सच्या फेसवॉशने फरक पडत नाही. तसंच खोल दुखऱ्या गाठी येत असतील किंवा डाग-खड्डे पडत असतील तर फेसवॉश शोधण्यात महिने घालवू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खड्डे पडल्यावर ते भरून काढणं फार अवघड आणि फार महाग असतं.

टप्पा २: काय हवंय ते एका ओळीत लिहा

फेसवॉश चेहऱ्यावर मिनिटभर असतो आणि वाहून जातो, म्हणून त्याच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. त्याचं मुख्य काम घाम, तेल, सनस्क्रीन आणि मळ काढायचं आणि काढताना त्वचेचं नुकसान करायचं नाही एवढंच. बाकी सगळं बोनस.

पिंपल तयार होतो तो छिद्राच्या आत. तेल जास्त सुटतं, मेलेल्या पेशी चिकटून तोंड बंद होतं, आत बॅक्टेरिया वाढतात आणि मग सूज येते. वरून कितीही घासलं तरी आतलं तोंड उघडत नाही, उलट सूज वाढते.

तर तुमची ओळ साधारण या तीनपैकी एक असेल.

साधा सौम्य फेसवॉश, औषधी घटक नको. रात्री अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉईन ही पिंपल्सवरची औषधं लावत असाल, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या चालू असतील, किंवा वरच्या तपासणीत गाल ओढल्यासारखे वाटले असतील तर हाच. माझ्या मते निम्म्याहून जास्त लोकांना खरंतर हाच हवा असतो आणि हाच कुणी घेत नाही, कारण बाटलीवर पिंपल्स असा शब्द लिहिलेला नसतो.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला, ०.५ ते २ टक्के. ब्लॅकहेड्स, व्हाइटहेड्स, बंद दाणे जास्त असतील तर. हे अ‍ॅसिड तेलात विरघळतं म्हणून तेलकट छिद्रांत काम करतं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर घेऊ नका, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारून.

बेन्झॉईल पेरॉक्साइडवाला, २.५ ते १० टक्के. लाल, पू भरलेले पिंपल्स असतील तर. सुरुवात कमी टक्केवारीनेच, जास्त टक्के म्हणजे जास्त फायदा असं नाही, जळजळ मात्र नक्की जास्त. यात एक गोम अशी की कितीतरी देशांत हा घटक कॉस्मेटिक धरत नाहीत, औषध धरतात, त्यामुळे क्रुएल्टी-फ्री सर्टिफिकेट असलेल्यांमध्ये याचे पर्याय कमी सापडतात. आणि हो, याने टॉवेल, उशीचा अभ्रा, रंगीत टीशर्टचा गळा सगळ्याचा रंग उडतो, पांढरा टॉवेल वेगळा काढून ठेवा.

तपासा: ओळ लिहिली का? "मला सुगंध नसलेला, साधा सौम्य फेसवॉश हवा, कारण रात्री अ‍ॅडापलीन लावते" इतकी स्पष्ट पाहिजे. ही ओळ नसेल तर पुढच्या टप्प्यात प्रत्येक बाटली चांगलीच वाटेल.

टप्पा ३: ब्रँड यादीतून निवडा, बाटलीवरून नाही

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. क्रुएल्टी-फ्री या शब्दाला बऱ्याच देशांत कायद्याची ठरलेली व्याख्याच नाही, कोणीही लिहू शकतं. सशाचं चित्र पण कोणीही काढू शकतं. म्हणून बाटली हातात घेऊन ससा शोधण्यापेक्षा आधी यादी उघडा आणि त्या यादीत असलेल्या ब्रँडच्याच बाटल्या बघायला घ्या.

दोन याद्या बहुतेकांना पुरतात.

पहिली लीपिंग बनी, म्हणजे या नावाचं क्रुएल्टी-फ्री सर्टिफिकेट मिळालेल्या ब्रँडची यादी. ही जास्त कडक आहे. ब्रँडला एक कटऑफ तारीख ठरवावी लागते, त्या तारखेनंतर ना तयार माल, ना त्यातले घटक प्राण्यांवर तपासलेले चालत. पुरवठादारांवर लक्ष ठेवायची पद्धत दाखवावी लागते, बाहेरच्या लोकांकडून ऑडिट होतं आणि दरवर्षी वचन नव्याने द्यावं लागतं. यांचा लोगो म्हणजे उडी मारणारा ससा आणि सोबत चांदण्या.

दुसरी पेटा या प्राणिहक्क संस्थेची यादी. यात मुख्य भर कंपनीने लिहून दिलेल्या हमीवर असतो. यादी मोठी आहे, छोटे आणि स्वस्त ब्रँड इथे जास्त सापडतात, आणि कोणता ब्रँड वीगन पण आहे ते वेगळं दाखवलेलं असतं.

मी आधी पहिल्या यादीत शोधते, नाही मिळालं तर दुसरीत. दुसरीत असलेला ब्रँड वाईट असं मी म्हणणार नाही, बजेट कमी असताना ती यादी खूप कामाला येते, फक्त दोन्हीत काय फरक आहे ते माहीत असू द्या.

आता नेहमीचे चार गोंधळ.

वीगन आणि क्रुएल्टी-फ्री एकच समजणं. वीगन म्हणजे प्राण्यांपासून आलेला घटक नाही. क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर चाचणी नाही. मध असलेला फेसवॉश क्रुएल्टी-फ्री असू शकतो पण वीगन नाही, आणि शंभर टक्के वनस्पतींचा फेसवॉश प्राण्यांवर तपासलेला असू शकतो. तुम्हाला दोन्ही हवं असेल तर दोन्ही वेगवेगळं तपासा.

लोगो नाही म्हणजे सर्टिफिकेट नाही असं धरणं. लीपिंग बनीचा लोगो छापायला वेगळं लायसन्स घ्यावं लागतं, त्याचे पैसे पडतात. काही ब्रँड यादीत असतात पण पाकिटावर लोगो छापत नाहीत. म्हणूनच यादी आधी.

बंदी आहे ना, मग बघायचं कशाला. युरोपियन युनियनने २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेली कॉस्मेटिक्स विकायला पूर्ण बंदी घातली, इतरही कितीतरी देशांनी तसे कायदे केले. पण कायदा त्या त्या देशापुरता असतो, कंपनी दहा देशांत विकत असते. चीनने मे २०२१ पासून आयात होणाऱ्या साध्या कॉस्मेटिक्सना कागदपत्रांच्या अटींवर सूट दिली, त्याच्या आधी ती चाचणी सक्तीची होती. म्हणजे एखादा ब्रँड चीनमध्ये विकतो एवढ्यावरून आता निष्कर्ष काढता येत नाही, आणि विकत नाही म्हणून तो स्वच्छ असंही नाही.

मालक कंपनी. छोटा ब्रँड सर्टिफाइड असतो पण त्याची मालक असलेली मोठी कंपनी नसते, असं सर्रास दिसतं. यावर बरोबर उत्तर एकच नाही. काही जण म्हणतात अशा ब्रँडला पैसे दिले तर मोठ्या कंपनीला संदेश जातो, काही म्हणतात एक पैसा नको. तुमचं काय ते आत्ताच ठरवून टाका, दुकानात उभं राहून नाही, तिथे सूट बघून मन वळतं.

तपासा: पाच ते आठ ब्रँडची नावं कागदावर आली का? नाव यादीत अगदी तसंच आहे का, स्पेलिंगसकट? मिळतीजुळती नावं खूप असतात.

टप्पा ४: ब्रँड यादीत नाही पण आवडलाय, तर लेखी विचारा

हा टप्पा गरज असेल तरच. छोटे ब्रँड कधी कधी सर्टिफिकेटच्या मागे लागलेले नसतात पण काम प्रामाणिक असतं. त्यांना ईमेल करा. "तुम्ही क्रुएल्टी-फ्री आहात का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम हो असतं. असं विचारा:

१. तुमचं तयार प्रॉडक्ट तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणी, जगात कुठेही, प्राण्यांवर तपासता का?
२. घटक पुरवणाऱ्या कंपन्या ते घटक प्राण्यांवर तपासतात का? त्यांच्याकडून हे लेखी घेता का, आणि किती दिवसांनी नवीन घेता?
३. कायद्याने प्राण्यांवर चाचणी सक्तीची असेल अशा बाजारात माल विकता का?
४. हे बाहेरचं कोणी तपासतं का?

उत्तर वाचताना काय सांगितलंय त्यापेक्षा काय गाळलंय ते बघा. एका बाटलीमागे कान टवकारलेला सुंदर ससा होता, शेजारी हिरवं पान, मी ती जवळजवळ घेतलीच होती. यादीत नाव नाही म्हणून मेल केला. अकरा दिवसांनी उत्तर आलं, दोनच ओळींचं: आम्ही आमची तयार उत्पादने प्राण्यांवर तपासत नाही, कायद्याने आवश्यक असेल ते वगळता. यात "तयार उत्पादने" या शब्दांनी घटकांचा प्रश्न टाळला आणि "वगळता" या शब्दाने उरलेलं दार उघडं ठेवलं. चारपैकी दोन प्रश्नांना उत्तरच नव्हतं. मी ती बाटली घेतली नाही.

थांबा: पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नाव खोडा आणि पुढे जा.

टप्पा ५: घटकांची यादी वाचायची, समोरची बाजू नाही

समोरच्या बाजूला पिंपल्स क्लिअर, ऑयल कंट्रोल, डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड असं काय काय असतं. त्यातलं काही वाचू नका, बाटली उलटी करा.

घटक जास्त प्रमाणापासून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात, एक टक्क्यापर्यंत. एक टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल (माल खराब होऊ नये म्हणून घालतात ते) दिसलं की साधारण तिथे रेघ मारायची, कारण ते एक टक्क्याच्या वर वापरत नाहीत. त्याच्या पुढे कोरफड, हळद, चहाचं झाड, मोती, सोनं काहीही लिहिलेलं असो, ते चिमूटभरच आहे.

दोन नमुने बघू, दोन्हींवर समोर "पिंपल्ससाठी" असं लिहिलंय असं धरा.

पहिला: पाणी, स्टिअरिक अ‍ॅसिड, ग्लिसरीन, मायरिस्टिक अ‍ॅसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लॉरिक अ‍ॅसिड, फ्रेग्रन्स, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, मेन्थॉल.

दुसरा: पाणी, ग्लिसरीन, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, पँथेनॉल, फिनॉक्सिइथेनॉल, सायट्रिक अ‍ॅसिड.

पहिला म्हणजे ट्यूबमध्ये भरलेला साबण आहे. फॅटी अ‍ॅसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड एकत्र आले की साबणच तयार होतो, आणि खऱ्या साबणाचा पीएच ९-१० च्या आसपास असतो, तर आपल्या त्वचेचा साधारण ५. धुतल्यावर बोट फिरवलं की करकर आवाज येतो, त्यालाच लोक स्वच्छ म्हणतात. जड पाणी असेल तर साबणाचा थर पण चेहऱ्यावर राहतो. सॅलिसिलिक सुगंधाच्या पण मागे आहे, आणि मेन्थॉल गार वाटण्यापलीकडे काही करत नाही, चिडलेल्या त्वचेला उलट चरचरतं. दुसऱ्यात साफ करणारे तिन्ही घटक सौम्य आहेत, सॅलिसिलिक रेघेच्या आधी आहे, सुगंध नाही. दुसरा दिसायला साधा असतो, फेस कमी, वास जवळपास नाही. घ्यायचा तो हाच.

साफ करणाऱ्या घटकांत सोडियम लॉरिल सल्फेट वर असेल तर मी सोडून देते. सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य, बाकी मिश्रण चांगलं असेल तर चालतं, नुसत्या सल्फेट शब्दाला घाबरून चांगला स्वस्त फेसवॉश सोडू नका.

प्राण्यांचे घटक नको असतील तर हे शब्द शोधा: सोडियम टॅलोएट म्हणजे जनावराची चरबी, लॅनोलिन म्हणजे लोकरीतलं मेण, बीजवॅक्स, हनी, कारमाइन, कोलॅजन, केराटिन. ग्लिसरीन आणि स्टिअरिक अ‍ॅसिड दोन्हीकडून येतात, वनस्पतीतून आणि प्राण्यांतून, ते नुसत्या नावावरून कळत नाही, वीगन सर्टिफिकेट बघावं लागतं.

"अनसेंटेड" आणि "फ्रेग्रन्स-फ्री" यात पण फरक आहे. अनसेंटेडमध्ये वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. यादीत फ्रेग्रन्स किंवा परफ्यूम शब्द नाही ना एवढंच बघा.

आणि "नॉन-कॉमेडोजेनिक" (छिद्रं बंद न करणारं) या शब्दावर निर्णय घेऊ नका. एकच ठरलेली, सक्तीची चाचणी त्यामागे नाही. कोणता घटक छिद्रं किती बंद करतो याच्या, इंटरनेटवर फिरणाऱ्या शून्य ते पाच नंबरांच्या ज्या याद्या आहेत, त्यांचं मूळ सशांच्या कानांवर केलेल्या चाचण्यांत आहे, सत्तरच्या दशकात ही पद्धत रूढ झाली. सशाच्या कानाची त्वचा आपल्यापेक्षा जास्त पटकन प्रतिक्रिया देते, आणि तिथे घटक सुटा लावून ठेवायचे, आपण तो पाण्यात मिसळून धुऊन टाकतो. क्रुएल्टी-फ्री शोधणाऱ्या माणसाने त्या नंबरांवर विसंबून राहावं हे मला मनापासून पटत नाही, आणि ते उपयोगाचे पण नाहीत.

तपासा: तुमच्या टप्पा २ च्या ओळीशी जुळतंय का? नाही जुळत तर ब्रँड कितीही चांगला असो, खोडा.

टप्पा ६: बाटलीची नाही, दिवसाची किंमत काढा

हिशोब सोपा आहे: किंमत भागिले एकूण मिली, गुणिले दिवसाला लागणारे मिली.

दिवसाला किती लागतं ते अंदाजाने लिहू नका, मोजा. औषधाच्या बाटलीसोबत येणारं मापाचं झाकण घ्या, त्यात रोज जेवढा घेता तेवढा फेसवॉश पाच वेळा काढा आणि आकडा पाचने भागा. चेहऱ्याला एका वेळी १ मिली साधारण पुरतो, बरेच जण तिप्पट घेतात. १ मिली, दिवसातून दोनदा, म्हणजे १०० मिली ट्यूब ५० दिवस. तीच ३ मिलीने घेतली तर १७ दिवसांत संपली. स्वस्त फेसवॉश महाग पडतो तो असा.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही: व्हिटॅमिन सी, पेप्टाइड, कोलॅजन, सोनं असं काही फेसवॉशमध्ये असेल तर त्याचे जादा पैसे देऊ नका, ते मिनिटभरात मोरीत जातं. वाचलेले पैसे चेहऱ्यावर राहणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनवर घाला. औषधी घटक हवाच असेल तर सॅलिसिलिक चेहऱ्यावर राहणाऱ्या रूपात जास्त काम करतं, मग फेसवॉश साधाच घेता येतो आणि तो स्वस्त मिळतो.

पहिल्यांदा घेताना सगळ्यात छोटी साइज घ्या, मिलीमागे महाग पडली तरी. एकावर एक फ्री घेऊन दोन्ही वाया गेलेले मी खूप बघितलेत.

थांबा: ऑनलाइन एकाच विक्रेत्याकडे फार विचित्र स्वस्त दिसत असेल तर घेऊ नका. आल्यावर सील, बॅच नंबर, एक्सपायरी आणि घटकांची यादी ब्रँडच्या साइटवरच्या यादीशी जुळवा. नकली माल निघाला तर तुमची आधीची सगळी तपासणी पाण्यात.

टप्पा ७: पॅच टेस्ट

हा टप्पा सगळे गाळतात. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर फेसवॉश लावा, चेहऱ्यावर जितका वेळ ठेवणार तितकाच ठेवा आणि धुवा. दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. रात्रभर लावून ठेवू नका, धुवायची वस्तू लावून ठेवली तर कुणालाही जळजळ होईल.

लाल चट्टा, खाज, सूज किंवा फोड आले तर तो फेसवॉश तुमचा नाही. एवढ्यात परत करायची मुदत संपू नये म्हणून खरेदीच्या दिवशीच टेस्ट सुरू करा.

टप्पा ८: धुवायचा पण क्रम आहे

चांगला फेसवॉश शोधून इथे घालवू नका.

१. अंघोळीत आधी केस धुवा, कंडिशनर काढा, मग चेहरा. उलटं केलं तर कंडिशनर कपाळावरून ओघळतं आणि तिथेच राहतं.
२. हात धुवा. मेकअप किंवा जाड सनस्क्रीन असेल तर ते आधी वेगळं काढा.
३. चेहरा कोमट पाण्याने ओला करा, गरम नाही.
४. फेसवॉश तळहातावर ओला करून मग चेहऱ्याला, बोटांच्या टोकांनी. ब्रश, जाळी, खरखरीत कापड नको.
५. साध्या फेसवॉशला ३० ते ६० सेकंद. बेन्झॉईल पेरॉक्साइडवाला असेल तर पाकिटावर लिहिलं असेल तेवढा वेळ.
६. केसांची कड, कानापुढे, जबड्याखाली, नाकपुड्यांच्या बाजूला नीट धुवा. फेस राहतो तो इथेच.
७. स्वच्छ टॉवेलने टिपा, खसाखसा पुसू नका, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

दिवसातून दोनदा, शिवाय खूप घाम आला तर एकदा. त्याच्यावर नाही. सॅलिसिलिक किंवा बेन्झॉईल पेरॉक्साइडवाला असेल तर पहिले दोन आठवडे दिवसातून एकदाच, किंवा एक दिवसाआड.

टप्पा ९: सहा ते आठ आठवडे, एकच बदल

बाटलीवर मार्करने सुरू केल्याची तारीख लिहा. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून. रोज आरशात बघून काही कळत नाही, एक पिंपल आला की सगळं वाया गेलं असं वाटतं, फोटो समोरासमोर ठेवले की खरं दिसतं.

या काळात दुसरं काही नवीन सुरू करायचं नाही. फेसवॉश आणि सीरम एकदम बदललं आणि चेहरा बिघडला तर दोष कुणाला देणार?

आणि "पर्जिंग आहे (म्हणजे आतले पिंपल्स आधी बाहेर येतात, मग चेहरा सुधारतो), सहन कर" हे ऐकून जळजळ सहन करू नका. मिनिटभरात धुऊन टाकायच्या साध्या फेसवॉशने पर्जिंग होतंय असं मानायला फारसं कारण नाही. नेहमीच्या जागा सोडून नव्या जागी पिंपल्स येत असतील, चरचरत असेल, सालपटं निघत असतील तर बंद करा, टप्पा ५ वर परत जा आणि त्या बाटलीतला संशयित घटक कागदावर लिहून ठेवा. असे दोन-तीन फेसवॉश झाले की त्यांच्यातला सारखा घटक सापडतो. माझ्या बहिणीच्या बाबतीत तो सुगंध निघाला, तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या बाटल्यांत एवढी एकच गोष्ट सारखी होती.

आठ आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर चौथा फेसवॉश शोधत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा. त्यांनी लिहून दिलेलं औषध सर्टिफाइड नसेल म्हणून टाळू नका. ते घ्या, आणि जे आपल्या हातात आहे, फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, तिथे यादीतलं निवडा.

फरक पडला असेल तर मोठी साइज घ्यायला हरकत नाही. झाकण उघडलेल्या डबीच्या चिन्हावर ६ किंवा १२ आकडा असतो, तेवढ्या महिन्यांत संपेल एवढीच घ्या. आणि प्रत्येक नवीन बाटलीच्या वेळी दोन मिनिटं काढून दोन गोष्टी परत बघा: ब्रँड अजून यादीत आहे का, आणि घटक तेच आहेत का. ब्रँड विकले जातात, सर्टिफिकेटं सुटतात, आणि पाकीट तेच ठेवून आतला फॉर्म्युला बदलतात. जुनी रिकामी बाटली यासाठीच नवीन येईपर्यंत फेकू नका, दोन्ही शेजारी ठेवा आणि ओळ न ओळ जुळवा.